लाखाचा स्वल्पविराम

सर्वांनी हातातली कामं बाजूला ठेवून, शक्य असल्यास उभं राहून, पुढील निवेदन ऐकावं. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या काही तरुण-तरुणींनी मिलियनचा त्याग करून लाखाचा स्वीकार केला आहे. त्यांत डोंगराकडून आलेला, पिकअप ट्रक चालवणारा एक सोनेरी दाढीचा मुलगा आहे, व्हॉलीबॉलच्या टीममधली एक सहा फुटी मुलगी आहे, आणि ज्याला भारत नकाशावर दाखवता येणार नाही असा एक गिटारवादकही आहे. कुणावरही जबरदस्ती झालेली नाही. आपल्या संस्कृतीच्या वाट्याला आलेला हा विजय मला कळला तेव्हा मी त्याच राज्यातल्या कॅरी गावी, माझ्या घरी, लेंगा घालून, चहात खारी बुडवत बसलो होतो.

आता बसा. झालं काय ते सांगतो.

दिवसा मी एका औषध कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळतो आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी जवळच्या युनिव्हर्सिटीत प्रोग्रॅमिंगचा पहिला कोर्स शिकवतो. घरी माझं कुणी ऐकत नाही म्हणून मी हा उद्योग करतो असं बायकोचं म्हणणं आहे, आणि ते बरोबर आहे. तिथे हजेरीला मार्क असतात. पोरांना बसावंच लागतं. मी हातवारे करतो, आवाज चढवतो, उतरवतो, एकदा तर चुकलेला प्रोग्रॅम कसा मरतो ते टेबलावर आडवं पडून दाखवलं होतं. वर्गात पदवीच्या दुसऱ्या वर्षाची पोरं असतात, आणि ज्यांनी आधी कधी कोड लिहिला नाही अशी मास्टर्सची काही मुलंही असतात. त्यांना हा कोर्स पास झाल्याशिवाय पुढे सरकता येत नाही.

या वर्षी मी एक साधा गृहपाठ दिला होता. मीच रचलेल्या काल्पनिक गावांची यादी आणि त्यांची लोकसंख्या. सगळ्यात मोठी गावं शोधायची आणि आकडे स्वल्पविराम घालून छापायचे. स्वल्पविराम घालायची सोय भाषेत तयार मिळते, ती वापरायची नाही, स्वतः लिहायची. तीन-तीन आकड्यांनंतर एक स्वल्पविराम. झालं. दुसरीतल्या मुलाला कागदावर जमेल असं काम.

एआयकडून करून घेणाऱ्या पोरांना मागच्या गृहपाठात मी चांगलंच धरलं होतं. त्यामुळे या खेपेला पोरं सुधारली होती. म्हणजे मशीनची कॉपी सोडून ती पुन्हा एकमेकांची करू लागली होती. घरगुती, पारंपरिक, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेली कॉपी.

तर त्या रविवारी सकाळी मी गृहपाठ तपासायला बसलो. एप्रिल होता. पाइनच्या झाडांचा पिवळा पराग गाड्यांवर, पायऱ्यांवर, खिडकीच्या काचांवर हळद सांडावी तसा बसला होता आणि मी शिंकत होतो. पहिला गृहपाठ उघडला. गावाची लोकसंख्या छापली होती २३,४५,६७८. तेवीस लाख पंचेचाळीस हजार. डोळ्यांना अगदी बरं वाटलं. पुढचा उघडला. त्यातही तेवीस लाख. तो पिकअप ट्रकवाल्याचा होता.

मी खारी खाली ठेवली.

अमेरिकेत हा आकडा २,३४५,६७८ असा लिहितात. शेवटचे तीन सोडून पुढे दोन-दोनांवर स्वल्पविराम घालायचा हे फक्त आपल्याकडची माणसं करतात. आणि त्याकरता प्रोग्रॅममध्ये मुद्दाम वेगळी अट लिहावी लागते, ती आपोआप होत नाही. मी तिसरा उघडला. लाख. व्हॉलीबॉलवाली, लाख. गिटारवाला, लाख. डझनभर पोरं माझ्या जेवणाच्या टेबलावर लाखांत न्हाऊन निघाली होती.

"अगं, हे बघ!" मी बायकोला हाक मारली. "आपण जिंकलो!"

ती आली, चष्मा सरकवून स्क्रीन बघितली आणि म्हणाली, "शी!"

जे बघायचं ते तिने माझ्याआधी बघितलं होतं. मी आकड्यांकडे बघून हसत होतो, तिने खालचा कोड वाचला होता. ती माझ्याहून चांगली प्रोग्रॅमर आहे, फक्त ती हातवारे करत नाही.

मग मीही वाचू लागलो आणि माझी गंमत हळूहळू कडू झाली. एकाने प्रोग्रॅममधल्या सगळ्या नावांना न्याहारीच्या पदार्थांची नावं दिली होती. लोकसंख्या म्हणजे पॅनकेक, गाव म्हणजे सिरप. दुसरीने ओळींची जागा बदलली होती, आणि त्यात एक ओळ अशा ठिकाणी नेऊन ठेवली होती की ती कधी चाललीच नसती. एकाने प्रत्येक ओळीच्या डोक्यावर इंग्रजीत टीप लिहिली होती: 'इथे मी विचार केला.' 'इथे मी पुन्हा विचार केला.' वेष पालटण्यावर या लोकांनी जेवढी मेहनत घेतली होती, तेवढ्यात गृहपाठ दोनदा झाला असता. आणि एवढं करून छापलेल्या आकड्याकडे एकानेही बघितलं नव्हतं. स्वतःच्या नावावर खपवायचा प्रोग्रॅम चालवून काय येतं तेवढंही नाही.

आपल्याकडे उष्टं नावाची एक गोष्ट आहे. दुसऱ्याच्या पानातलं, दुसऱ्याने घास मोडलेलं. ती सकाळभर मला माझ्या स्क्रीनवर उष्टंच दिसत होतं. एकाने चावलेला घास डझनभर तोंडांतून फिरून, लाळेने मऊ होऊन माझ्या ताटात आला होता, आणि वर कोथिंबीर भुरभुरली होती. मी चहासुद्धा संपवला नाही, आणि चहा टाकणारा मी माणूस नाही.

नियमाप्रमाणे मी सगळ्यांची तक्रार युनिव्हर्सिटीच्या चौकशी समितीकडे पाठवली. दोन दिवसांत माफीची ईमेल यायला लागली. मी खुशीत वाचायला बसलो, कारण पश्चात्तापाची नाटकं मला फार आवडतात. पहिल्यात लिहिलं होतं की या अनुभवातून मला प्रामाणिकपणाचं मोल कळलं आणि माझ्या आजोबांची शिकवण आठवली. दुसऱ्यातही तेच आजोबा. पाचव्यापर्यंत मला त्या आजोबांना जाऊन भेटावंसं वाटू लागलं. व्हॉलीबॉलवालीने तर 'प्रिय प्राध्यापक, इथे नाव घालावे' अशी सुरुवात तशीच ठेवली होती. माफीसुद्धा उष्टी! मी लॅपटॉप मिटला आणि हात धुतले. खरंच धुतले, साबण लावून.

पण लाख लिहिणारं मूळ कोण, हा प्रश्न होताच. पकडलेल्यांच्या यादीत भारतातून आलेली एकच मुलगी होती. नागपूरची, सिव्हिल इंजिनियरिंगच्या मास्टर्सला आलेली, पुढच्या बाकावर बसून माझ्या विनोदांना दोन सेकंद उशिरा हसणारी. आणि त्याच यादीत एक मुलगा होता, ज्याला मी बारशापासून ओळखतो. आमच्या कॅरीतल्या अगदी जवळच्या मित्राचा मुलगा. इथेच जन्मलेला, मराठी समजणारा आणि इंग्रजीत उत्तर देणारा. नागपूरची मुलगी या मित्राच्याच घरी बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होती.

ऑफिसात भेटायला आली तेव्हा ती खुर्चीच्या काठावर बसली.

"सर, मी फाइल नाही दिली."

"मग पोचली कशी?"

"ते मला नाही माहीत. काकू म्हणाल्या, तू त्याची ताईच ना, जरा दाखव त्याला. म्हणून मी त्याला समजावून सांगून राहिले होते. त्याने फाइल मागितली. मी म्हटलं, नाही, स्वतः कर. आणि सर, तो कॉमा तीनवर पाहिजे होता ना? मी घाईत आपल्यासारखाच टाकला. सॉरी."

माझ्या वर्गात डझनभर चोर होते आणि माफी मागत होती ती एकटी, तीही स्वल्पविरामाची.

युनिव्हर्सिटीचा नियम सरळ होता. स्वतःहून दिलं असेल तर देणाराही दोषी. नकळत कुणी घेतलं असेल तर मूळ लिहिणारा मोकळा. पदवीच्या पोरांना पहिल्या चुकीला शून्य मार्क आणि एक भाषण मिळतं. मास्टर्सवाल्याला एक सेमिस्टर बाहेर काढतात. इथल्या मुलाला बाहेर काढलं तर तो आईकडे जाऊन झोपतो. विद्यार्थी व्हिसावर आलेल्या मुलीला बाहेर काढलं तर ती विमानतळावर जाते. तिच्या बाजूने तिच्या शब्दाशिवाय काही नव्हतं, आणि समितीपुढे त्या मुलाचा शब्द तिच्या विरोधात जाणार होता. त्याने लेखी कळवलं होतं की प्रोग्रॅम त्याने लिहिला आणि ताईने त्याच्याकडून घेतला.

हे मला समितीच्या ऑफिसकडून कळलं. त्याच शनिवारी मित्राकडे पाडव्याचं उशिराचं जेवण होतं, आधीच ठरलेलं. मी जाणार नव्हतो. बायको म्हणाली, "चल. तोंडं बघून येऊ."

तीस-पस्तीस माणसं, परसात खुर्च्या, श्रीखंडाचं भलंमोठं पातेलं, बारकोडसकट दुकानातून आलेल्या झेंडूच्या माळा. मित्राने मला ग्रिलपाशी गाठलं. हा पुण्याचा, एका मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आणि कुठलीही गोष्ट स्लाइडवर असल्यासारखी बोलणारा.

"यार, तू उगाच एस्कलेट केलंस. कॉपी काय त्यात? आम्ही ऑफिसात दिवसभर तेच करतो. त्याला रीयूज म्हणतात."

"तुम्ही सांगून करता," मी म्हणालो.

"अरे, मुलं आहेत! इंटर्नशिप फायनल होतेय त्याची. बॅकग्राउंड चेकमध्ये हे आलं तर?"

एवढ्यात वहिनी आल्या. हातात वाटी, वाटीत माझ्यासाठी श्रीखंड. त्यांचा आवाज मऊ होता, आणि तेच वाईट होतं.

"दादा, मी तिच्याशी बोलून ठेवलंय. ती समितीला सांगेल, की तिनेच त्याच्याकडून घेतलं म्हणून. नवीन आहे, सिस्टिम माहीत नव्हती, असं म्हणेल. एक सेमिस्टर काय, घरी जाऊन येईल आईकडे. तेवढाच चेंज."

"तिचा व्हिसा जाईल, वहिनी."

"परत मिळतो हो! आमच्या वेळी नाही का लोक जाऊन-येऊन करायचे? आणि घरातलीच आहे ती. समजून घेईल. तुम्ही फक्त तिथे वेगळं काही बोलू नका, एवढंच."

मी विचारलं, "ती कुठे आहे?"

"आत. पुऱ्या तळतेय. फार छान फुगतात तिच्या!"

मी आत बघितलं. काचेच्या दरवाज्यापलीकडे, एप्रनमध्ये, एका हाताने केस मागे सारत ती पुऱ्या तळत होती. ज्या पोरासाठी ती स्वतःवर चोरीचा आळ घेणार होती तो शेजारच्या स्टुलावर बसून फोनवर बोटं फिरवत गरम पुऱ्या खात होता. एक संपली की ताट पुढे सरकवायचा. बघायचासुद्धा नाही. ताट सरकवायचा आणि ताटात पुरी यायची.

मी श्रीखंडाचा चमचा तोंडात घातला होता. तो गिळता आला नाही. वेलदोडा, केशर, सगळं उत्तम होतं, पण जीभ घेईना. मी झाडामागे जाऊन तो घास चक्क थुंकला, आणि मागे वळलो तर बायको तिथे आधीच उभी होती, रिकाम्या वाटीसकट. आमच्या लग्नातला तो अत्यंत प्रेमाचा क्षण होता.

निघताना बायको स्वयंपाकघरात गेली. मुलीच्या हातातला झारा काढून घेतला, गॅस बंद केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पुऱ्या संपल्या!" मग तिला हळूच म्हणाली, "तू काय सांगायचं ते तू ठरव. पण रात्री झोपायला जागा हवी म्हणून काही सांगू नकोस. आमच्याकडे एक खोली आहे. त्यात ट्रेडमिल आहे, तेवढी बाहेर काढू."

मुलगी एप्रनला हात पुसत राहिली.

सुनावणी पुढच्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी झाली. अशा खोल्या इथे एकाच कारखान्यात तयार होत असाव्यात. बदामी रंगाचं कार्पेट, लांब टेबल, मध्ये टिश्यूचा डबा. तिघांची समिती होती. अध्यक्ष भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. करड्या केसांची वेणी, आणि कुठलीही घाई नसलेला चेहरा. आईवडिलांना आत परवानगी नव्हती, ते पार्किंगमध्ये गाडीत बसले होते. मी तक्रार करणारा, म्हणून मला विचारल्याशिवाय बोलायचं नव्हतं. मला बोलायला मनाई! खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून मी बसलो. सगळं संभाषण इंग्रजीत झालं, मी आपल्या भाषेत सांगतो.

मुलगा कोट घालून आला होता. बोलला उत्तम. घरात राहणाऱ्या परदेशी विद्यार्थिनीला मदत करण्याच्या भावनेने आपण आपलं काम तिला दाखवलं, तिने त्याचा गैरवापर केला असेल तर वाईट वाटतं, पण आपल्या मनात तिच्याबद्दल राग नाही. राग नाही म्हणाला! माझ्या हाताखालचं खुर्चीचं लाकूड करकरलं.

अध्यक्षबाईंनी कागदावर छापलेला आकडा त्याच्यापुढे सरकवला. "हा स्वल्पविराम इथे का आहे?"

त्याने बघितलं. माझी खात्री आहे, आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. कपाळावर आठी आली.

"ते... प्रादेशिक स्वरूप आहे."

"कुठल्या प्रदेशातलं?"

"दक्षिणेकडचं."

बाई स्वतः दक्षिणेतल्याच, अलाबामाच्या होत्या. हे त्यांनी त्याला अतिशय सौम्यपणे सांगितलं. आमच्याकडे असं लिहीत नाहीत, असंही सांगितलं. मी खोकल्याचं नाटक केलं आणि एक टिश्यू घेतला.

"मग ही अट तुम्ही का लिहिलीत? पहिल्या तीननंतर दोन-दोन?"

"वाचायला सोपं जातं म्हणून."

"वाचून दाखवा."

त्याने वाचायला सुरुवात केली, दोन मिलियन म्हणाला, अडकला, पुन्हा सुरुवात केली, आणि तेवीसवर येऊन गप्प झाला.

मग बाई तिच्याकडे वळल्या. "तुम्ही यांच्याकडून घेतलं का?"

ती टेबलाकडे बघत होती. मला तिच्या मानेची शीर दिसत होती. या बाजूला पार्किंगमध्ये बसलेल्या काकू, त्यांचं बेसमेंट, त्यांनी मायेने वाढलेली जेवणं. त्या बाजूला नागपूरचं विमान. आणि मध्ये एक शब्द, जो तिच्याशिवाय कुणी म्हणू शकत नव्हतं. मी आयुष्यभर लोकांच्या तोंडात वाक्यं घालत आलो, तिथे मला पापणीही हलवता येत नव्हती.

"नाही," ती म्हणाली.

"तुम्ही यांना दिलंत?"

"नाही. समजावून सांगितलं. फाइल दिली नाही."

मुलाने मान हलवली, मोठ्या माणसाने लहान मुलाच्या खोट्याला हलवावी तशी. मला त्या मानेची जी शिसारी आली ती अजून गेलेली नाही.

"आणि स्वल्पविराम?"

तिने पेन घेतलं, कागद स्वतःकडे ओढला आणि समजावून सांगू लागली. आमच्याकडे शंभर हजारांना वेगळं नाव आहे, शंभर लाखांना वेगळं, म्हणून तीननंतर दोन-दोन. तिचा आवाज आधी बारीक होता, मग स्थिर झाला. तिने त्या अटीवर बोट ठेवून ती कशी चालते ते सांगितलं, एका ठिकाणी आपण उगाच लांबण लावली आहे तेही सांगितलं. समितीतले दोघे पुढे वाकून बघत होते. बाईंनी एक प्रश्न विचारला तो खडकांच्या वयाचे आकडे तुम्ही कसे लिहाल असा होता, आणि तो केवळ हौसेपोटी होता.

शेवटी पेन खाली ठेवून ती माझ्याकडे वळली. "पण सर, प्रश्नात तीन-तीनच लिहिलं होतं. माझंच चुकलं. हे उत्तर चुकीचंच आहे."

पुढचं बोलायच्या आधी बाकीचं उरकतो. मुलगी सुटली, त्याच दुपारी. चुकलेल्या स्वल्पविरामाचे मार्क मी कापले, आणि ते तिने मान्य केले. मुलाला शून्य मिळालं, आणि समितीशी खोटं बोलल्याबद्दल नोंद झाली. ज्यांना फाइल त्याच्याकडून पुढे मिळाली त्या पिकअप ट्रकवाल्याला आणि मंडळींना शून्य आणि भाषण मिळालं, आणि त्या भाषणात म्हणे ते सगळे एकाच वेळी मान डोलवत होते. आमची ट्रेडमिल आता गॅरेजमध्ये आहे. मित्राच्या घरचं बोलावणं बंद झालं आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. वहिनींनी इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर विश्वासघात या विषयावर बरंच लिहिलं, तेही कुठून तरी पुढे ढकललेलं होतं.

पण हे सगळं ज्याने झालं ते समितीने केलं नाही, आणि मी तर नाहीच नाही. उत्तर चुकीचंच आहे, असं ती म्हणाली आणि तो मुलगा खुर्चीत ताठ झाला. इतका वेळ शांत, समजूतदार असलेला त्याचा चेहरा एकदम लाल झाला. ग्राहकाला शिळा माल मिळावा तसा. तो तिच्याकडे वळला आणि तीन प्राध्यापकांच्या समोर, अस्सल अमेरिकन इंग्रजीत, फक्त एक हाक मराठीत ठेवून, मोठ्याने ओरडला:

"चुकीचं होतं? मग ताई, लॅपटॉप तसा उघडा टाकून वर गेलीसच कशाला?"